पोर्ट ८० वर कोण बसलंय?

रात्री दहाच्या सुमारास भाचीचा फोन आला. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, सकाळी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. "मामा, झॅम्प चालूच होत नाहीये. अपाचीसमोरचं स्टार्ट दाबलं की खाली नुसती लाल अक्षरं येतात. तीनदा काढून परत टाकलं." अगदी रडकुंडीला आली होती. झॅम्प म्हणजे आपल्याच मशीनवर वेबसाइट चालवून बघायचा संच, आणि अपाची हा त्यातला वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरनं मागितलेली पानं देणारा प्रोग्रॅम. मी म्हटलं, आता चौथ्यांदा काही काढू नकोस. ती लाल अक्षरं मला सावकाश वाचून दाखव.

तिनं वाचली. पोर्ट ८० वापरात आहे, पीआयडी ४ कडे, म्हणजे ४ नंबरच्या चालू प्रोग्रॅमकडे आहे, तो मोकळा झाल्याशिवाय अपाची सुरू होणार नाही. एकतर अडवणारा प्रोग्रॅम बंद करा किंवा अपाचीला दुसरा पोर्ट द्या. म्हणजे काय झालं, कुणामुळे झालं आणि त्यावरचे दोन्ही उपाय, सगळं त्या चार ओळींतच होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये काम करताना मी हे वर्षानुवर्षं पाहतो आहे. लाल रंग दिसला की मुलं वाचायचं सोडून थेट अनइन्स्टॉलकडे वळतात. प्रोग्रॅम बिघडला असं त्यांना वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. जागा अडलेली असते, आणि झॅम्प दहा वेळा नव्यानं टाकलं तरी ते येऊन त्याच अडलेल्या जागेवर हक्क सांगणार.

ही जागा म्हणजे काय, ते आधी बघू. पोस्टातल्या खिडक्या डोळ्यांसमोर आणा. इमारत एक, पत्ता एक, पण आत खिडक्या निरनिराळ्या: एकीवर स्पीड पोस्ट, एकीवर बचत खातं, एकीवर मनीऑर्डर. येणाऱ्याला नुसता इमारतीचा पत्ता पुरत नाही, कुठल्या नंबरच्या खिडकीवर उभं राहायचं तेही ठाऊक असावं लागतं. कॉम्प्युटरमध्ये आयपी ॲड्रेस हा इमारतीचा पत्ता आणि पोर्ट हा खिडकीचा नंबर. हा नंबर सोळा बिटांत लिहिला जातो, म्हणून तो ० ते ६५,५३५ च्या आतच असतो. लॅपटॉपच्या कडेला जी यूएसबीची खाच असते तिलाही पोर्टच म्हणतात, पण तिचा याच्याशी काही संबंध नाही.

लोकलहोस्ट म्हणजे आपलंच मशीन, पत्ता १२७.०.०.१. ब्राउझरही इथलाच, सर्व्हरही इथलाच. इमारतीत राहणारा माणूसच आतल्या आत खिडकीवर गेला असं समजा.

कुठल्या खिडकीवर काय मिळतं हे जगभर ठरलेलं आहे. साध्या वेबसाइटसाठी ८०, कुलूपवाल्या एचटीटीपीएससाठी ४४३, मायएसक्यूएल या डेटाबेससाठी ३३०६, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेससाठी ५४३२. वेबचा पोर्ट ८० हे १९९१ च्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीच्या वर्णनातच लिहिलेलं होतं: पत्त्यात पोर्ट दिला नसेल तर ८० समजावा. म्हणून आपण नुसतं लोकलहोस्ट टाइप केलं तरी ब्राउझर मुकाट्यानं ८० वर जातो. सुरुवातीच्या काळात या नंबरांची वही अमेरिकेत जॉन पोस्टेल सांभाळत. नंबर मिळणं तेव्हा किती सोपं होतं बघा: १९९५ च्या जुलैत फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी आपल्या एसएसएचसाठी (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) २२ नंबर मागणारी ईमेल पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी तो त्यांना मिळाला. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या जुन्या टेलनेटचा २३ यांच्या मधला तो रिकामा होता.

आता मुख्य नियम. एका पत्त्यावरच्या एका पोर्टवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमनं बसायचं. विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, सर्वसाधारणपणे हाच नियम. कारण सरळ आहे. ब्राउझरकडून मागणी येते तेव्हा तिच्यावर फक्त पत्ता आणि पोर्टचा नंबर असतो, प्रोग्रॅमचं नाव नसतं. ८० वर दोघं बसले तर ती मागणी कुणाच्या हातात द्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिमला कळणार कसं? म्हणून जो आधी आला त्याला जागा, आणि नंतर येणाऱ्याला नकार. त्या नकाराला प्रत्येक सिस्टिमचा आपला नंबर आहे: विंडोजवर १००४८, लिनक्सवर ९८, मॅकवर ४८. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काम करणाऱ्यांना हाच नकार 'ईॲड्रेसइनयूज' या लांबलचक शब्दानं भेटतो. चारही ठिकाणी अर्थ एकच, ॲड्रेस आधीच वापरात आहे.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी मुलं नको ते करून बसतात. झॅम्पच्या संदेशात 'ब्लॉक्ड पोर्ट' असा शब्द येतो. तो वाचून फायरवॉल बंद करतात, कुणी अँटिव्हायरसच काढून टाकतं. फायरवॉल हा गेटवरचा वॉचमन. बाहेरून येणाऱ्याला तो अडवतो. आपलं भांडण आत, खिडकीच्या खुर्चीवरून चाललंय. वॉचमनला घरी पाठवून खुर्ची रिकामी होत नाही, वर गेट उघडं राहतं ते वेगळंच.

तेव्हा पहिलं काम, खुर्चीत कोण आहे ते बघणं. झॅम्पच्या पॅनलमध्ये उजवीकडे नेटस्टॅट नावाचं बटण असतं, ते दाबलं की कुठल्या पोर्टवर कोण बसलंय याची यादी उघडते. पॅनल हाताशी नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि नेटस्टॅट ही कमांड द्यायची. मग एक जागा सोडून उण्याची छोटी रेघ आणि तिला चिकटून ए, एन, ओ. ए म्हणजे सगळं दाखव, एन म्हणजे नावांऐवजी आकडे दाखव, ओ म्हणजे प्रत्येक जागेच्या मालकाचा नंबर दाखव. हा मालकाचा नंबर म्हणजेच पीआयडी.

यादी लांब येते आणि इथंच डोळा चुकतो. नुसतं ८० शोधलं तर ८०८० ही सापडतो, ८००० ही सापडतो. शिवाय पत्त्याचे रकाने दोन असतात. पहिला आपला, दुसरा पलीकडच्याचा. तुम्ही एखादी साइट उघडून ठेवली असेल तर पलीकडच्या रकान्यात ८० किंवा ४४३ दिसणारच, त्याच्याशी आपलं काही भांडण नाही. आपल्याला हवी ती ओळ अशी दिसते:

टीसीपी   ०.०.०.०:८०   ०.०.०.०:०   लिसनिंग   ४

पहिल्या रकान्याच्या शेवटी नेमकं ८०, पुढे 'लिसनिंग' हा शब्द, आणि सगळ्यात शेवटी पीआयडी. चार शून्यं म्हणजे हा प्रोग्रॅम मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय. आता टास्क मॅनेजर उघडून डिटेल्समध्ये तो पीआयडी शोधला की नाव कळतं. लिनक्सवर हेच काम 'एसएस' कमांड करते, रेघेपुढे एल, टी, एन, पी. सुडो लावून, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं, चालवा, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोग्रॅमचं नाव दिसत नाही. मॅकवर 'एलएसओएफ' आहे.

नाव सापडलं की निम्मं काम झालं. काही वर्षांपूर्वी पहिला संशय स्काइपवर जायचा. जुनं स्काइप येणाऱ्या कॉलसाठी ८० आणि ४४३ धरून बसायचं आणि सेटिंगमधली एक खूण काढली की सोडायचं. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं, पण 'स्काइप बंद करा' हा सल्ला इंटरनेटवर अजून फिरतो. लिनक्सवर बहुतेक वेळा अपाची आणि एनजिनएक्स हे दोन्ही वेब सर्व्हर टाकलेले असतात आणि मशीन चालू होताच त्यांतला एक ८० धरतो. तिथं नुसतं किल करून भागत नाही. सर्व्हिस म्हणून, म्हणजे पाठीमागे आपोआप, चालणारा किंवा डॉकरनं (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) 'कायम चालू ठेव' या अटीवर सुरू केलेला प्रोग्रॅम मारला तरी परत उठू शकतो, कारण त्याला उठवणारा वेगळा असतो. सर्व्हिस थांबवायची असते, आणि ती पुन्हा नको असेल तर बूट होताना सुरू होणं बंद करायचं असतं.

पीआयडी ४ मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि भाचीचं तेच होतं. विंडोजमध्ये ४ म्हणजे खुद्द सिस्टिम. टास्क मॅनेजरमधून तो बंद करायच्या भानगडीत पडू नका. विंडोजच्या गाभ्यात एचटीटीपी डॉट सिस नावाचा एक ड्रायव्हर आहे. कुठल्याही विंडोज सर्व्हिसला वेबचा पोर्ट हवा असला की ती या ड्रायव्हरकडे नाव नोंदवते आणि खुर्चीत तिच्या वतीनं ड्रायव्हर बसतो. म्हणून यादीत खऱ्या मालकाऐवजी सिस्टिम दिसते. खरा मालक बहुधा आयआयएस, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर. सर्व्हिसेसच्या यादीत तो 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' या नावानं दिसतो. काही मशीनवर एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिस निघते. खात्री करायला सोपा मार्ग आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडून बघा. आयआयएसचं निळं स्वागताचं पान आलं तर प्रश्नच मिटला.

भाचीला तेच पान दिसलं. आदल्या सेमिस्टरला डॉट नेटचं प्रॅक्टिकल होतं, तेव्हा आयआयएस चालू केल्याचं तिला आठवलं. मी सर्व्हिस थांबव म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "पण मामा, लॅपटॉप दादाचा आहे. त्याच्या ऑफिसचं काहीतरी यावर चालतं." मग बेत बदलला. माझा स्वतःचा नियम असा आहे: बसलेला प्रोग्रॅम आपला असेल आणि त्याची गरज संपली असेल तर त्याला उठवायचं. दुसऱ्याच्या कामाचा असेल, किंवा तो काय करतो हे आपल्याला नीट माहीत नसेल, तर आपण दुसऱ्या खिडकीवर जायचं. मोकळ्या खिडक्या हजारो आहेत, ८० साठी अडून बसायचं कारण नाही.

जागा बदलताना दोन ओळी बदलायच्या असतात आणि बरेच जण एकच बदलतात. पॅनलमध्ये अपाचीसमोरच्या कॉन्फिग बटणातून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. 'लिसन ८०' ही ओळ शोधून ८० च्या जागी ८०८० करा. तिच्या वर हॅशची खूण असलेल्या नमुन्याच्या ओळी असतात, त्या नुसत्या टिपणासाठी आहेत, त्यांना हात लावू नका. मग 'सर्व्हरनेम लोकलहोस्ट:८०' शोधा, तिथंही ८०८०. ४४३ ही अडलेला असेल तर एसएसएलच्या (म्हणजे एचटीटीपीएसच्या) वेगळ्या कॉन्फ फाइलमध्ये ४४३ चं ४४३३ करावं लागतं, तिथं तर तो आकडा अनेकदा येतो. शेवटी पॅनलच्या वरच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज' आहे, तिथं नवा नंबर भरा. हे राहिलं तर अपाची चालू असूनही पॅनल जुन्याच ८० ची तक्रार करत राहतं. पुढे ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, विसर्गासारखी दोन टिंबं आणि ८०८० असा पूर्ण पत्ता द्यायचा.

नंबर निवडतानाही थोडं जपून. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत, तिथं 'परमिशन डिनाइड' येतं. ती चूक जागा अडल्याची नव्हे, अधिकाराची असते. आणि ६००० किंवा ६६६६ सारखे नंबर घेतले तर सर्व्हर बिनतक्रार सुरू होईल, पण क्रोम त्यांना असुरक्षित पोर्ट मानतो आणि पान उघडायलाच नकार देतो. ८०८०, ८०८१, ८८८८ हे वापरातले नंबर बरे.

मायएसक्यूएलबद्दल जरा जपून सांगतो, कारण तिथं डेटा असतो. मशीनवर आधी वेगळं मायएसक्यूएल टाकलेलं असेल तर ते ३३०६ धरून बसतं. मग कधी कधी गंमतीशीर नव्हे, चांगलं गोंधळात टाकणारं लक्षण दिसतं: पीएचपीमायॲडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं पान, 'रूट युजरला प्रवेश नाही' म्हणतं. झॅम्पमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड मुळात रिकामा असतो, त्यामुळे माणूस चक्रावतो. खरं तर तो झॅम्पच्या डेटाबेसशी बोलतच नसतो, आधीच्या मायएसक्यूएलच्या दारात उभा असतो, आणि त्याला पासवर्ड आहे. झॅम्पचा ३३०७ वर हलवला तर माय डॉट आयएनआय फाइलमध्ये क्लायंट आणि सर्व्हर या दोन्ही भागांत नंबर बदला, पीएचपीमायॲडमिनच्या कॉन्फिगमध्ये बदला, आणि स्वतःच्या कोडमध्येही. पीएचपीच्या मायएसक्यूएलआय-कनेक्टमध्ये पोर्ट पाचव्या जागी असतो: होस्ट, युजर, पासवर्ड, डेटाबेस, मग पोर्ट.

पण 'अनपेक्षितपणे बंद पडलं' हा झॅम्पचा संदेश पोर्टपुरताच नसतो. डेटाच्या फाइल बिघडल्या तरी अक्षर न् अक्षर तोच संदेश येतो. नेटस्टॅटमध्ये ३३०६ मोकळा दिसत असेल तर भांडण पोर्टचं नाही. अशा वेळी कुणी 'डेटा फोल्डरमधली अमुक फाइल उडवून टाका' असं सांगितलं तर आधी तो सगळा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. वर्षभराचे टेबल या एका सल्ल्यानं गेलेले मी पाहिले आहेत.

कधी कधी मात्र यादीत कुणीच नसतं, तरी जागा मिळत नाही. एसटीत सीटवर रुमाल टाकलेला असावा आणि माणूस खाली चहा पीत असावा, तसं. विंडोजवर हायपर-व्ही (आभासी मशीन चालवणारा), डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवणारा) किंवा डॉकर असेल तर विंडोज पोर्टांचे पट्टेच्या पट्टे आधीच राखून ठेवतं. तुमचा ३००० किंवा ५००० अशा पट्ट्यात सापडला की नकार येतो, पण नंबर १००४८ नसतो, १००१३ असतो. हा फरक लक्षात ठेवा, तासन् तास वाचतात. राखीव पट्टे बघायची कमांड अशी: नेटश, इंटरफेस, आयपीव्ही४, शो, एक्स्क्लूडेडपोर्टरेंज, प्रोटोकॉल बरोबर टीसीपी. पट्टा सापडला तर त्याबाहेरचा नंबर घ्या. विननॅट ही सर्व्हिस थांबवून परत चालू केली तरी बऱ्याचदा पट्टा सुटतो.

मॅकवाल्यांची अडचण २०२१ पासून जास्त दिसू लागली. मॉन्टेरे आवृत्तीत एअरप्ले रिसीव्हर, म्हणजे दुसऱ्या ॲपल उपकरणावरचं चित्र आणि आवाज मॅकवर घ्यायची सोय, आला आणि त्यानं ५००० धरला. पायथनमध्ये वेबसाइट लिहायच्या फ्लास्कचा ठरलेला पोर्ट नेमका तोच. एलएसओएफच्या यादीत 'कंट्रोल-सीई' असं अर्धवट नाव दिसतं आणि काही उमगत नाही. ते पूर्ण नाव 'कंट्रोल सेंटर' आहे, रकान्यात मावत नाही म्हणून तुटतं. सेटिंगमधून एअरप्ले रिसीव्हर बंद करा, नाहीतर फ्लास्कला ५००१ द्या.

आणि एक कारण लॅबमध्ये रोज भेटतं. सर्व्हर थांबवायला कंट्रोल-सी दाबायचं असतं, मुलं कंट्रोल-झेड दाबतात. लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये झेडनं प्रोग्रॅम बंद होत नाही, गोठतो. प्रॉम्प्ट परत येतो म्हणून वाटतं की संपलं, पण गोठलेला प्रोग्रॅम पोर्ट हातात धरूनच असतो, आणि पुन्हा सुरू करायला गेलं की 'जागा वापरात' येतं. एफजी टाइप करून त्याला पुढे आणायचं आणि मग कंट्रोल-सी.

भाचीकडे ८०८० वर अपाची हिरवा झाला. लॉगिनचं पान उघडलं, तिनं नाव-पासवर्ड भरला, बटण दाबलं आणि पुन्हा आयआयएसचं निळं पान! तिचा धीर सुटायच्या आत मी विचारलं, लॉगिन झाल्यावर पुढच्या पानावर कसं पाठवतेस? कोडमध्ये हेडरच्या ओळीत तिनं लोकलहोस्टपासून पूर्ण पत्ता लिहिला होता, पोर्टशिवाय. ब्राउझरनं तो नेहमीसारखा ८० समजला. एडिटरमध्ये 'लोकलहोस्ट' शोधल्यावर असे सहा पत्ते निघाले. सहाही ठिकाणी पुढचा भाग काढून नुसतं फाइलचं नाव ठेवलं, आणि डॅशबोर्ड उघडला.

मी म्हटलं, आता लॅपटॉप पूर्ण बंद करून परत चालू कर आणि सगळं पुन्हा एकदा उघडून बघ, कारण काही सर्व्हिस बूट होतानाच जागा धरतात आणि सकाळी परीक्षकांसमोर ते कळायला नको. साडेअकराला तिचा मेसेज आला: "मामा, रीस्टार्ट केलं. ८०८० वर चालू आहे. दादाचं पण चालू आहे."